गर्दीचा मोसम

१९३९ च्या एप्रिलमध्ये पोर्ट्समथने वुल्व्हरहॅम्प्टनला ४-१ असं हरवून एफए कप जिंकला आणि पुढची सात वर्षं तो पोर्ट्समथकडेच राहिला. दुसऱ्या कुठल्याही क्लबकडे हा चषक सलग इतका काळ राहिलेला नाही. त्या सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि स्पर्धा थांबली. खेळाडू सैन्यात गेले, काही कोळशाच्या खाणीत उतरले, काही कारखान्यात लागले. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर १९४१ च्या मार्चमध्ये बॉम्ब पडले. आर्सेनलचं हायबरी हवाई हल्ल्यांपासून बचाव करणाऱ्या दलाने ताब्यात घेतलं. फुटबॉल पुरता बंद झाला नाही, पण जो काही चालला तो गावापुरता, भागापुरता. ज्या गावाजवळ आपली छावणी, त्या गावच्या क्लबकडून खेळायचं, अशी मुभा खेळाडूंना होती. अशांना ‘पाहुणे’ म्हणत.

असाच एक पाहुणा आपल्याकडेही येऊन गेला. आर्सेनलचा विंगर डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत महूला होता. १९४५ च्या मार्चमध्ये तो मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर सी. के. नायडूंच्या होळकर संघातून रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळला आणि चौथ्या डावात नाबाद २४९ धावा करूनही हरला. क्रिकेटवेड्या मराठी घरांतल्या आजोबा-पणजोबांना कॉम्प्टन ठाऊक होता तो या खेळीमुळे. तिकडे उत्तर लंडनमध्ये मात्र तो आधी फुटबॉलपटू होता. १९५० साली त्याने आर्सेनलसोबत एफए कप जिंकलाही. पण युद्धानंतरच्या पहिल्या मोसमात त्याच्या क्लबचं काही खरं नव्हतं. तिसऱ्या फेरीच्या पहिल्याच सामन्यात वेस्ट हॅमने आर्सेनलला ६-० असं धुतलं.

तो मोसम १९४५-४६ चा. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो विजेत्यांमुळे नव्हे. त्या मोसमाचा नायक गर्दी होती. सहा वर्षं अंधारात, सायरनच्या आवाजात, रेशनच्या रांगेत काढलेली माणसं शनिवारी दुपारी अर्धा दिवस सुटी झाली की मैदानाकडे निघत. त्यांच्या येण्याचा सगळ्यांना आनंद होता, क्लबांना तर पैशांचाही. ती किती आली हे मोजण्याची व्यवस्था मात्र कुणाकडेच नव्हती.

अंदाज आधीच आला होता. १३ नोव्हेंबर १९४५ रोजी मॉस्कोचा डायनॅमो संघ लंडनला चेल्सीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. मंगळवार होता, कामाचा दिवस. तरी स्टॅमफर्ड ब्रिजवर अधिकृत आकडा ७४,४९६ चा नोंदला गेला आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लोक आत शिरले. कुत्र्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकवर माणसं उतरली, स्टँडच्या छपरावर चढली, मैदानाच्या पांढऱ्या रेषेला खेटून उभी राहिली. सामना ३-३ असा सुटला. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती रशियनांच्या वेगवान पासिंगची आणि त्यांनी सामन्याआधी प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या फुलांच्या गुच्छांची. छपरावरच्या माणसांकडे उत्साहाचं चित्र म्हणून पाहिलं गेलं.

जानेवारीत कप सुरू झाला. लीग अजून उत्तर आणि दक्षिण अशी प्रादेशिकच होती, खरीखुरी राष्ट्रीय लीग ऑगस्टमध्ये सुरू व्हायची होती. त्यामुळे सगळ्या देशाची अशी एकच स्पर्धा उरली, ती म्हणजे हा चषक. मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक पाहिलेल्यांना बाद पद्धत समजावून सांगायला नको. हरलात की घरी. पण त्या वर्षी फुटबॉल असोसिएशनने एक वेगळी गोष्ट केली. युद्धाने रिकाम्या झालेल्या क्लबांच्या तिजोरीत चार पैसे पडावेत म्हणून उपांत्यपूर्व फेरीपर्यंतची प्रत्येक लढत दोन सामन्यांची ठेवली. एक घरी, एक प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, आणि दोन्ही सामन्यांचे गोल मिळून निकाल. एफए कपच्या इतिहासात हे त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

दोन सामन्यांच्या पद्धतीने गमतीचे निकाल लागले. ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू आपल्या घरी मँचेस्टर सिटीकडून १-३ असा हरला आणि मग मँचेस्टरला जाऊन ८-२ असा जिंकला. चार्लटन अॅथलेटिक तिसऱ्या फेरीत फुलहॅमविरुद्धचा दुसरा सामना हरला, पण पहिल्या सामन्यातली आघाडी कामाला आली. पुढे हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. वाटेत एक सामना हरूनही वेम्बली गाठणारा तो पहिलाच.

डर्बी काउंटीची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. इंग्लंडच्या मध्यभागातलं, रेल्वे कारखान्यांचं आणि रोल्स-रॉइसच्या इंजिनांचं हे शहर. क्लब जुना, लीगच्या संस्थापकांपैकी एक. पण कपमध्ये नशीब कायम उलटं. १८९८, १८९९ आणि १९०३ अशा तीन अंतिम सामन्यांत हार, शेवटची तर बरीकडून ६-०. बेसबॉल ग्राउंड हे त्यांचं मैदान तयार करताना तिथे राहणाऱ्या जिप्सींना हुसकावलं आणि त्यांनी शाप दिला, असं डर्बीतले लोक सांगत.

युद्धाने या क्लबला दोन माणसं दिली. रेच कार्टर आणि पीटर डोहर्टी हे दोघेही हवाई दलात, लफबरोच्या पुनर्वसन केंद्रात जखमी वैमानिकांना पुन्हा चालतं-फिरतं करण्याच्या कामावर. डर्बी तिथून जवळ, म्हणून दोघे ‘पाहुणे’ म्हणून खेळू लागले आणि १९४५ च्या डिसेंबरात क्लबने दोघांनाही रीतसर विकत घेतलं. कार्टर संडरलंडचा. १९३७ मध्ये त्यांचा कप्तान म्हणून त्याने कप जिंकलेला. केस अकाली रुपेरी झालेले, चाल शांत, चेंडू पायाशी आला की घाई नाही. डोहर्टी उत्तर आयर्लंडचा, लाल केसांचा, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धावणारा. एक थांबून विचार करणारा, दुसरा न थांबणारा. त्यांच्यापुढे जॅक स्टॅम्प्स हा दणकट आघाडीवीर. मधल्या फळीतला जिम बुलियन्स युद्धाच्या काळात कोळशाच्या खाणीत काम करत होता. आणि मार्चमध्ये गोलरक्षक जखमी झाला तेव्हा डर्बीने व्हिक वुडलीला आणलं. तो इंग्लंडचा जुना गोलरक्षक, चेल्सी सोडून तेव्हा बाथ सिटी या लीगबाहेरच्या क्लबात गेलेला.

ल्युटनला ६-० आणि ३-०. वेस्ट ब्रॉमविचला १-० आणि ३-१. ब्रायटनला ४-१ आणि ६-०. उपांत्यपूर्व फेरीत अॅस्टन व्हिला. २ मार्च १९४६ रोजी व्हिला पार्कवर पहिला सामना झाला. त्याला ७६,५८८ प्रेक्षक होते, आणि त्या मैदानाचा हा विक्रम आजही कायम आहे. डर्बीने तो ४-३ असा खेचून आणला. परतीचा सामना आठवड्याने, शनिवारी ९ मार्चला, बेसबॉल ग्राउंडवर.

त्याच शनिवारी, त्याच वेळी, उत्तरेला लँकेशरमधल्या बोल्टन या कापसाच्या गिरण्यांच्या शहरात दुसरी लढत होती. बोल्टन वाँडरर्स विरुद्ध स्टोक सिटी. पहिला सामना बोल्टनने स्टोकला जाऊन २-० असा जिंकलेला, दोन्ही गोल रे वेस्टवुडचे. आता घरच्या मैदानावर बोल्टनला फक्त टिकून राहायचं होतं. आणि स्टोककडे स्टॅन्ली मॅथ्यूज होता. इंग्लंडमध्ये त्या काळी केवळ एका माणसासाठी लोक तिकीट काढत असतील तर ते याच्यासाठी. एकतीस वर्षांचा, किडकिडीत, उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघाला की बचावपटूचा तोल जायचा. बोल्टनच्या बाजूने वीस वर्षांचा एक पोरगा खेळणार होता, युद्धात खाणीत राबलेला. नाव नॅट लॉफ्टहाउस.

मैदानाचं नाव बर्नडेन पार्क. तिथली रेल्वेकडची बाजू नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ही बाजू म्हणजे एका गोलच्या मागचा मातीचा उतरता बांध. पायऱ्या म्हणून कुठे फरशा बसवलेल्या, कुठे नुसती माती. मध्येमध्ये लोखंडी कठडे, माणसांचा लोंढा खाली घसरू नये म्हणून. बांधाच्या वरच्या अंगाला रेल्वेचा रूळ. प्रेक्षक इथे उभ्यानेच सामना पाहत. आत येण्यासाठी फिरती फाटकं होती, पण त्या दिवशी सगळी उघडी नव्हती. युद्धाच्या काळात मैदानाचा बर्नडेन स्टँड अन्न खात्याने साठवणुकीसाठी घेतला होता आणि युद्ध संपून दहा महिने झाले तरी तो परत मिळाला नव्हता. त्या बाजूची फाटकं बंद. म्हणून तिथून आत येणारी माणसंही रेल्वेच्या बाजूच्या फाटकांवर आली.

क्लबला साधारण पन्नास हजारांची अपेक्षा होती. युद्धाआधीचा मैदानाचा विक्रम १९३३ मधला, ६९,९१२ चा. त्या शनिवारी पंचाऐंशी हजारांच्या आसपास लोक आले असावेत, असा अंदाज नंतर चौकशीत निघाला. दुपारी दोनच्या सुमाराला रांगांची रांग राहिली नव्हती. फाटकापाशी माणसं इतकी चेपलेली की पैसे काढायला खिशात हात जात नव्हता. आत गेलेल्यांना पुढे सरकायला वाव नाही, बाहेरच्यांना मागे फिरायला वाट नाही. दादर स्टेशनवर संध्याकाळी लोकलमध्ये चढताना पाय जमिनीवरून उचलले गेल्याचा अनुभव ज्याला असेल त्याला हे कळेल. फरक इतकाच की लोकल पुढच्या स्टेशनला रिकामी होते. इथे पुढे गोलची रेषा होती आणि तिच्या अलीकडे कठडे.

२ वाजून ४० मिनिटांनी फाटकं बंद केली. पण ती बंद झाली म्हणून माणसं घरी गेली नाहीत. मॅथ्यूज आत होता आणि शिट्टी व्हायला वीस मिनिटं उरली होती. काही भिंतीवरून चढले, काही फाटकांवरूनच उड्या मारून गेले. बरेच जण रुळावरून आले, कुंपण मोडलं आणि बांधाच्या माथ्यावर उतरले. मग एक गोष्ट घडली, जी चौकशी अहवालात वाचताना आजही मन थांबतं. आपल्या लहान मुलाला घेऊन आलेल्या एका बापाला ती गर्दी सहन होईना. त्याला बाहेर पडायचं होतं. एका बाहेर जाण्याच्या फाटकाचं कुलूप त्याने उघडलं आणि पोराला घेऊन तो निघाला. त्याच्या हातून दुसरं काय होणार होतं? पण उघड्या फाटकातून बाहेरचा जमाव आत घुसला.

संघ मैदानात उतरले तेव्हा बांधावरची गर्दी एकदा उसळली. काही लोक रेषेपर्यंत आले, पोलिसांनी त्यांना मागे सारलं. तीन वाजता खेळ सुरू झाला. सुरुवातीच्या मिनिटांतच कोपऱ्यातल्या झेंड्याजवळचे दोन कठडे वाकले आणि कोसळले. त्यांना टेकून उभी असलेली माणसं पुढे पडली. मागून येणारा जोर थांबला नाही, कारण मागच्यांना पुढे काय झालं ते दिसतच नव्हतं. माणसं माणसांवर पडली. त्यातले बहुतेक श्वास कोंडून गेले.

बाकीच्या मैदानाला काही कळलं नाही. खेळ सुरूच होता. साधारण बारा मिनिटं झाल्यावर एका पोलीस अधिकाऱ्याने मैदानात येऊन पंच जॉर्ज डटन यांना सांगितलं की तिकडे माणसं मेली आहेत. डटन यांनी दोन्ही कप्तानांना, बोल्टनच्या हॅरी हबिक आणि स्टोकच्या नील फ्रँकलिनला बोलावलं आणि संघ आत गेले. तोवर रेषेला लागून प्रेतं ओळीने ठेवायला सुरुवात झाली होती. अंगावर लोकांनी काढून दिलेले कोट टाकलेले.

मग ठरलं की सामना पुन्हा सुरू करायचा. साधारण अर्ध्या तासाने खेळाडू परत आले. रेल्वेच्या बाजूला मैदानाची रेषा आत ओढली होती, नवी रेषा लाकडाच्या भुशाने आखलेली. तिच्या एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला मेलेली माणसं. मध्यंतराला विश्रांती दिली नाही, बाजू बदलून लगेच उत्तरार्ध. शेवट ०-०. बोल्टन दोन गोलांच्या आघाडीवर उपांत्य फेरीत. तेहतीस माणसं मेली होती, चारशेच्या आसपास जखमी झाली होती आणि बऱ्याच प्रेक्षकांना हे घरी जाताना, रस्त्यात किंवा संध्याकाळच्या वर्तमानपत्रात कळलं.

खेळ पुन्हा सुरू करण्यामागची भीती मला समजते. ऐंशी हजारांचा जमाव एकदम बाहेर पडला असता तर रुग्णवाहिकांना रस्ता मिळाला नसता, आणि सामना अर्धवट सोडल्याने चिडलेले लोक बांधाकडे धावले असते तर आणखी जीव गेले असते. पोलिसांचा आणि पंचांचा तो निर्णय त्या क्षणाचा होता. मॅथ्यूजने पुढे सांगितलं की तो सामना सुरू राहिला याची त्याला किळस वाटली. मी त्याच्या बाजूचा आहे. पण मला अधिक खुपतं ते पुढच्या आठवड्यांत झालं ते. त्या दिवशीचा तो निकाल ग्राह्य धरला गेला. चौदा दिवसांनी, २३ मार्चला, बोल्टन व्हिला पार्कवर सत्तर हजारांच्या गर्दीपुढे चार्लटनशी उपांत्य सामना खेळला आणि क्रिस डफीच्या दोन गोलांनी हरला. स्पर्धेने आपला क्रम एका दिवसानेही हलवला नाही.

आणि बोल्टनच्याच संघाने हे एकदा आधी पाहिलं होतं. २८ एप्रिल १९२३, वेम्बलीवरचा पहिलाच एफए कप अंतिम सामना, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. तिकिटांची आगाऊ विक्री नव्हती. अधिकृत आकडा १,२६,०४७ आणि प्रत्यक्षात दोन लाखांच्या वर लोक आत शिरले असं मानतात. माणसं मैदानभर पसरली होती. घोडेस्वार पोलिसांनी, त्यात जॉर्ज स्कोरी आणि त्याचा पांढरा घोडा बिली, त्यांना तासाभरात रेषेच्या बाहेर ढकललं. बोल्टन २-० असा जिंकला. कुणी मेलं नाही, आणि ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ ही गोड आठवण झाली. सरकारने चौकशी समिती नेमली, १९२४ मध्ये अहवाल आला, अंतिम सामना तिकिटांवर आला. मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा मात्र करायचा नाही असं ठरलं. क्लब आपलं बघून घेतील, असा विश्वास. बोल्टनच्या बांधावर १९४६ मध्ये कोसळले ते त्या विश्वासाचे कठडे होते.

बर्नडेननंतर अठरा दिवसांनी काय झालं पाहा. डर्बी आणि बर्मिंगहॅम सिटी यांचा उपांत्य सामना शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १-१ असा सुटला. फेरसामना २७ मार्चला, बुधवारी, मँचेस्टरच्या मेन रोडवर. बोल्टनपासून मेन रोड फारसं दूर नाही, वीस किलोमीटरच्या आसपास. प्रकाशझोत नव्हते, म्हणून सामना भर दुपारी, कामाच्या वेळी. ८०,४०७ लोक आले. जादा वेळेत डर्बी ४-० असा जिंकला. गिरण्या आणि कारखान्यांतून उठून आलेली ही माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. त्यांना सहा वर्षांनी काहीतरी मिळालं होतं. गर्दीला आवर घालायचं काम गर्दीचं नव्हतं.

अंतिम सामना २७ एप्रिलला, वेम्बलीवर, ९८ हजार प्रेक्षकांपुढे. एका बाजूला डर्बी, दुसऱ्या बाजूला व्यवस्थापक जिमी सीडचा चार्लटन, त्यांच्या गोलात लाल केसांचा उंचपुरा सॅम बार्ट्रम. सामन्याआधी डर्बीचा कप्तान जॅक निकोलस जिप्सींकडे जाऊन शाप उतरवून आला, अशी कथा आहे आणि डर्बीत ती अजून आवडीने सांगतात.

पंच्याऐंशी मिनिटं गोल नाही. मग चार्लटनच्या छत्तीस वर्षांच्या बर्ट टर्नरच्या पायाला लागून चेंडू त्याच्याच गोलात गेला. मिनिटभरात त्याच टर्नरने फ्री किक मारली, ती डोहर्टीला लागून वळली आणि १-१. एफए कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांसाठी गोल करणारा तो पहिला खेळाडू. मग ठरलेल्या वेळेच्या शेवटच्या क्षणांत स्टॅम्प्सला संधी मिळाली. समोर गोल. त्याने पूर्ण ताकदीने फटका मारला आणि चेंडूच फुटला. कातड्याचा तो गोळा फुसफुसत बार्ट्रमच्या हाती पोचला. सामन्याआधी पंचांनी रेडिओवर सांगितलं होतं की अंतिम सामन्यात चेंडू फुटण्याची शक्यता दहा लाखांत एक. युद्धानंतर धड कातडंही मिळत नव्हतं, हे पाहता तो हिशेब चुकीचाच होता. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही चेंडू फुटला.

जादा वेळेत डोहर्टीने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, मग स्टॅम्प्सने दोन. ४-१. संपूर्ण मोसमात डर्बीचे कपमध्ये सदतीस गोल झाले. कार्टर हा युद्धाआधी आणि युद्धानंतर दोन्हीकडे एफए कप विजेत्याचं पदक मिळवणारा एकमेव खेळाडू ठरला. आणि डर्बी काउंटीने तो चषक जिंकला तो एकदाच, तेव्हा. आजवर पुन्हा नाही.

बोल्टनमध्ये मृतांच्या कुटुंबांसाठी निधी उभा राहिला. त्यासाठी २४ ऑगस्टला मेन रोडवर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात मदतीचा सामना झाला. तो २-२ असा सुटला आणि प्रेक्षक सत्तर हजारांच्या आसपास.

गृहमंत्री चूटर ईड यांनी मोएलविन ह्यूज या वकिलांना चौकशीला नेमलं. त्यांचा अहवाल छोटासा आहे आणि त्यातल्या शिफारशी आजच्या वाचकाला इतक्या साध्या वाटतात की त्या वेगळ्या सांगायला लागल्या याचंच आश्चर्य वाटावं. दहा हजारांहून जास्त लोक मावणाऱ्या मैदानांची पालिकेने तपासणी करावी. पंचवीस हजारांहून मोठ्या मैदानांना माणसांची कमाल मर्यादा असावी. फिरत्या फाटकांवर आत गेलेल्यांची यंत्राने मोजणी व्हावी. मैदानात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात निरोप देण्यासाठी टेलिफोन असावा. शेवटच्या शिफारशीवरून कळतं की त्या दिवशी फाटकं बंद करा हा निरोप कसा पोचला असेल. माणूस धावत गेला असेल, त्याच गर्दीतून वाट काढत.

यातलं कायद्यात काहीच आलं नाही. सगळं क्लबांच्या मर्जीवर राहिलं, आणि क्लबांची मर्जी फाटकावरच्या पैशांकडे. १९४८-४९ मध्ये लीगचे सामने चार कोटी बारा लाखांहून जास्त लोकांनी पाहिले, इतके त्याआधी आणि त्यानंतर कधीच नाही. मग ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर १९७१ च्या २ जानेवारीला जिन्यात चेंगरून सहासष्ट माणसं मेली, आणखी एक अहवाल आला आणि १९७५ मध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा पहिला कायदा झाला. बर्नडेनला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. तोही पुरला नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी, पुन्हा एफए कपमध्ये, या वेळी उपांत्य सामन्यात, हिल्सबरोवर, बाहेरच्या गर्दीचा ताण हलका करण्यासाठी पोलिसांनी बाहेर जाण्याचं एक फाटक उघडलं आणि माणसं लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंडली गेली. त्यातून गेलेल्यांचा आकडा आज सत्त्याण्णव आहे. तिथल्या फाटकाची हकीकत वाचताना बर्नडेनचा तो बाप आठवल्याशिवाय राहत नाही. न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मधल्या आपल्या अहवालात नोंदवलं की मैदानावरच्या गर्दीबद्दलचा हा नववा सरकारी अहवाल आहे. ह्यूज यांचा दुसरा होता. मधले सहा धरून ती सगळी कागदपत्रं एकापाठोपाठ वाचली तर तेच कठडे, तीच फाटकं, तीच न केलेली मोजणी पुन्हा पुन्हा समोर येते. हिल्सबरोच्या कुटुंबांना सत्यासाठी दशकानुदशकं लढावं लागलं. बर्नडेनच्या कुटुंबांकडे लढायला ना वेळ होता ना कुणी ऐकणारं. युद्धात लाखो मेलेल्या देशात तेहतीस माणसं त्या मोठ्या संख्येत विरून गेली.

मैदानावर जे होते त्यांचं आयुष्य पुढे गेलं. १९५३ च्या एफए कप अंतिम सामन्यात ब्लॅकपूलकडून मॅथ्यूज आणि बोल्टनकडून लॉफ्टहाउस समोरासमोर आले. १-३ असे मागे पडलेले ब्लॅकपूलवाले ४-३ असे जिंकले आणि अडतीस वर्षांच्या मॅथ्यूजला अखेर पदक मिळालं. लोक त्या सामन्याला त्याच्याच नावाने ओळखतात. लॉफ्टहाउस पुढे १९५८ मध्ये जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. १९५३ मध्येच लँकेशरचा चित्रकार एल. एस. लाउरीने सामन्याला निघालेल्या माणसांचं एक चित्र काढलं. चारी बाजूंनी वाकून, लगबगीने मैदानाकडे जाणाऱ्या काड्यांसारख्या आकृत्या. ते मैदान बर्नडेन पार्क आहे. २०२२ मध्ये ते चित्र अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना विकलं गेलं आणि सॅलफर्डच्या लाउरी कलादालनात राहिलं. बर्नडेन पार्क १९९७ मध्ये बंद झालं. त्या जागी आज अॅस्डाचं मोठं सुपरमार्केट आहे आणि त्याच्या भिंतीवर ९ मार्च १९४६ चा एक स्मृतिफलक.

एफए कपच्या नोंदवह्यांत त्या सामन्याची ओळ अशी छापली जाते. बोल्टन वाँडरर्स ०, स्टोक सिटी ०. दोन सामने मिळून बोल्टन २-०. प्रेक्षक ६५,४१९. हा आकडा फिरत्या फाटकांतून पैसे देऊन आत गेलेल्यांचा आहे. भिंतीवरून आलेले, रुळावरून आलेले, त्या बापाने उघडलेल्या फाटकातून आलेले त्यात कुणीच नाहीत. मेलेल्या तेहतीस जणांतले किती त्या आकड्याच्या आत आणि किती बाहेर, हे तेव्हा मोजलं गेलं नाही आणि आता मोजता येणार नाही.